ज्युनिपरची पलटण

दसरा आठ-दहा दिवसांवर आला की आमच्या सोसायटीच्या फाटकाशी ठेवलेली दोन ज्युनिपर तांबडी पडायला लागतात. हे दरवर्षी होतं. पुण्याजवळ नांद्यात ही इमारत उभी राहण्याआधी बिल्डरने जे रंगीत चित्र छापलं होतं, त्यात फाटकाच्या दोन्ही अंगांना अशी दोन टोकदार, सडसडीत, हिरवीगार झाडं होती. चित्रात होती म्हणून ती खरोखरही हवीत, असा कमिटीचा हट्ट. चित्रात ना पाऊस होता, ना ऑक्टोबरचं ऊन. जूनमध्ये नव्या कुंड्या येतात, ऑक्टोबरात त्यांतली झाडं कचऱ्याच्या गाडीतून जातात. मग सेक्रेटरी मला जिन्यात गाठतात, कारण माझी हयात रोपवाटिकेत गेली हे त्यांना कुणीतरी सांगितलं आहे.

"काका, पाणी कमी पडलं का हो?"

"जास्त पडलं."

ते हसतात. पाणी जास्त झाल्याने झाड मरतं, यावर नळ उघडून पाणी मिळणाऱ्या माणसाचा विश्वास बसत नाही. शेजारच्या सोसायटीकडेही तशीच दोन झाडं आहेत आणि तीही तशीच मरतात, एवढं समाधान त्यांना पुरतं.

मला हे झाड आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यात झाडाचा दोष नाही. कुठल्याशा थंड, कोरड्या डोंगरउतारावर, दगडांच्या फटीत पाय रोवून ते रुबाबदार दिसत असेल. पण आमच्या मावळात त्याचं करायचं काय? सावली नाही. तोंडात टाकावं असं फळ नाही. हात लावावा तर टोचतं. एखादा बुलबुल चुकून आलाच, तर कुठे बसावं हे त्याला कळत नाही. दोनदा फडफडतो आणि विजेच्या तारेवर जाऊन बसतो. बारा महिने तेच रूप, तोच रंग, तेच ताठ उभं राहणं. पानगळ नाही, पालवी नाही, मोहर नाही. सरकारी समारंभात उभ्या केलेल्या माणसासारखं नुसतं उभं. एकच गोष्ट त्याच्या बाजूने बोलता येईल. त्याचा पाला बोटांत चुरगळला की शिसपेन्सिलीला टोक काढताना येतो तसा वास येतो.

आणि त्या वासापाशीच माझी पंचाईत होते. फाटकातून आत येताना सुकलेला पाला पायाखाली चुरडतो, वास नाकात शिरतो, आणि मी नांद्यात राहत नाही. मी माल्याच्या पुढे, मुळशी धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बांधलेल्या एका बंगल्याच्या वाटेवर असतो. वय तेवीस, पाठीवर फवारणीचा पंप.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. पुण्यातल्या बड्या लोकांना त्या सुमारास मुळशीचा शोध लागला. आम्ही तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होतो, ते काही कुणी जमेला धरलं नव्हतं. शनिवारी गाड्या यायच्या, माणसं उतरायची, कंबरेवर हात ठेवून पाण्याकडे बघायची आणि म्हणायची, "किती शांत आहे!" आणि मग टेप लावायची.

आमचे साहेब त्यांतलेच, पण जरा वरच्या पायरीवरचे. एका मोठ्या कारखान्यातून फार मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं हुकूम देण्यात गेलेली. आता हुकूम ऐकायला माणसं उरली नव्हती, म्हणून त्यांनी बाग करायचं ठरवलं. नोकरीत असताना ते एकदा सहा आठवडे युरोपात जाऊन आले होते. त्या सहा आठवड्यांचा एक जाडजूड अल्बम होता आणि तो ते दुधवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना दाखवत. त्यातल्या एका फोटोत एक पांढरं घर होतं आणि घराकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना काळपट हिरव्या झाडांची उंच, निमुळती रांग.

"शिस्त," साहेब त्या फोटोवर बोट ठेवून म्हणत. "बघ, झाडांनासुद्धा शिस्त असते तिकडे. आपल्याकडे आंबा बघा, फणस बघा. वाटेल तिकडे फांद्या! नुसता गबाळेपणा."

फार पुढे मला कळलं, की फोटोतली ती झाडं ज्युनिपर नव्हतीच. सरूची होती. कुण्या नर्सरीवाल्याने "हेच ते, साहेब," म्हणून ज्युनिपर दिली आणि साहेबांनी ती घेतली. सहा आठवडे जग बघून आलेल्या माणसाला आपण काय बघून आलो हेही ठाऊक नव्हतं. पण हे मला आज कळतं. तेव्हा मी त्या अल्बमकडे तोंड उघडं टाकून बघत होतो.

मी घोटावड्याचा. घरी शेती, आणि मी घरातला पहिला शिकलेला. शेतकीची पदविका घेतलेला. साहेबांनी मला बागेचा सुपरवायझर म्हणून ठेवलं. इस्त्रीची पँट घालून मी बागेत फिरायचो, खिशाला पेन, हातात वही. वहीत लिहिण्यासारखं काही नसायचं. तरी मी लिहायचो.

बागेत खरं काम करायची ती हौसाबाई. माल्याच्या बौद्ध वस्तीतली, पन्नाशीची, काटक बाई. नवरा धरणावर कामाला, मुलगी पुण्यात नर्सिंग शिकत होती. हौसाबाईने कधी पुस्तक उघडलं नव्हतं, पण मूठभर माती घेऊन दाबली की ती सांगायची, इथे वांगं येईल, इथे नाही येणार. बंगल्यामागच्या ज्या पट्ट्यात साहेबांचं लक्ष नव्हतं तिथे तिने मिरची, घेवडा, दोडका असं काय काय उभं केलं होतं, आणि साहेबांच्या घरी पुण्याला दर सोमवारी पिशव्या भरून जायच्या त्या तिथल्याच. साहेब तिला "ए बाई" म्हणत. मी "मावशी" म्हणायचो. ती मला "सुपरवायझर" म्हणायची. त्या एका शब्दात ती जेवढा तिखटपणा घालायची तेवढा तिच्या मिरचीतही नसेल.

दुपारी चहा व्हायचा. मला व्हरांड्यात, कपबशीतून. हौसाबाईला बागेच्या नळापाशी, तिच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पेल्यातून. हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, आणि आपल्याला कपबशी मिळते याचं सुखही वाटत होतं. त्या वयातल्या मला आज समोर उभा केला तर मी त्याच्याशी दोन शब्द बोलणार नाही.

वैशाखात टेंपोतून बारा ज्युनिपर आली. माणसाच्या खांद्याएवढी, गोणपाटात मुळं बांधलेली. साहेब स्वतः हजर होते. दोरी ताणून, मोजायची टेप लावून, फाटकापासून पायरीपर्यंत एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा अशा जागा त्यांनी चुन्याने आखून घेतल्या. "माझी पलटण," ते म्हणाले.

खड्डे किती मोठे घ्यायचे, हे मला विचारलं गेलं. तो माझा क्षण होता. मी पदविकेचं पुस्तक काढलं आणि सांगितलं, तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. पुस्तकात तसं होतं. पुस्तक लिहिणाऱ्याने माल्याचा कातळ बघितला नव्हता. तिथे वीतभर माती, आणि खाली जो दगड लागतो तो थेट धरणाच्या पाण्यापर्यंत. गडी लोकांनी दोन आठवडे पहारी मारून त्या दगडात बारा चौकोनी खड्डे कोरले. मग बाहेरून काळी माती आणून, शेणखत मिसळून ते भरायचं ठरलं.

भरायच्या आधी हौसाबाई आली, एका खड्ड्यात वाकून बघितलं आणि म्हणाली, "सुपरवायझर, ह्यो खड्डा न्हाई. ह्यो हौद हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी काय? चारी अंगानं दगूड. पानी जाईल कुटं? हितला पाऊस ठावं हाय न्हवं तुला? का घोटावड्यात दुसराच पडतोय?" तिने एका झाडाच्या गोणपाटाला हात लावला, पाला चुरगळून नाकाशी नेला. "हे डोंगरातलं कोरड्या जाग्याचं झाड दिसतंय. ह्याला उंचावर ठेव. खाली दगडं टाक, वर मातीचा ढीग कर, त्यात लाव. पाय कोरडं राह्यलं तर जगंल."

"मावशी, आपल्याला हे शास्त्रीय पद्धतीनं करायचंय."

तिने पदर खोचला. मग घमेलं उचललं आणि माती टाकायला लागली. ती रागावलीही नाही. रागावण्याइतकी किंमत तिने त्या वाक्याला दिली नाही.

झाडं लागली त्याच आठवड्यात एक धनगर कुटुंब मेंढरं आणि शेळ्या घेऊन वरच्या पठारावरून खाली उतरत होतं. कुंपण अजून पुरं झालं नव्हतं. पाच-सात शेळ्या आत शिरल्या. साहेब व्हरांड्यातून ओरडत धावले, पण ओरडायची गरजच नव्हती. पुढच्या शेळीने पहिल्या ज्युनिपरला तोंड लावलं, शिंकली आणि मागे फिरली. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. सरळ हौसाबाईच्या घेवड्याकडे निघाल्या.

धनगर त्यांना हाकलता हाकलता थांबला. "आमची शेरडं कागुद खात्यात, बाभळीचं काटं खात्यात. ह्येला त्वांड लावंनात," तो मला म्हणाला. "कसलं झाड आनलंय रं सायबानं?"

साहेबांना मात्र आनंद झाला. "बघितलंस? जनावरालासुद्धा कळतं, कुठे तोंड घालायचं नाही ते."

मुळशीचा पाऊस येतो आणि जातो, असं नसतं. तो मुक्कामाला येतो. आषाढात ढग खिडकीतून घरात शिरतात, काडेपेटी पेटत नाही, मिठाचं पाणी होतं, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी चढते. समोरचा डोंगर चार-चार दिवस दिसत नाही. तो आहे हे विश्वासावर धरून चालायचं. खाली खाचरांमध्ये भाताची लावणी चाललेली असायची. डोक्यावर इरली घेऊन वाकलेल्या बाया, मागून पाऊस, पुढून चिखल, आणि त्यातून एका लयीत मागे सरकणारे हात. आणि वर बंगल्यावर मी, छत्री मानेत धरून, बारा ज्युनिपरना सुतळी गुंडाळत होतो. पावसाच्या माराने त्यांच्या फांद्या बाहेर झुकत होत्या आणि साहेबांना तो गबाळेपणा खपत नव्हता. पायथ्यापासून शेंड्यापर्यंत सुतळी आवळायची. ते बघून लावणीच्या बाया हसायच्या. एकीने खालून ओरडून विचारलं, "पळून जात्यात व्हय रं झाडं?"

श्रावणात दोन दिवस उघडीप मिळाली. ऊन पडलं, डोंगर पुन्हा दिसला, पठारावर पिवळी सोनकी फुलली. साहेब आठवडाभर पुण्याला होते. हौसाबाई मला हात धरून तिसऱ्या झाडापाशी घेऊन गेली. तिने बुंध्याशेजारी पहार खुपसली आणि उपसून काढली. भोकातून पाणी वर आलं. काळं, आणि त्याला असा वास, की मी मान फिरवली. गटाराचा म्हणता येईल, पण गटारात निदान वाहतं पाणी असतं.

मला त्या क्षणी कळलं. माझे तीन फूट, माझं पुस्तक, माझी शास्त्रीय पद्धत. बारा हौद, आणि त्यांत बुडवलेली बारा झाडं.

"खनू का?" हौसाबाईने विचारलं. "एकेकाला चर काढू उताराकडं. दगूड फोडावा लागंल वाईच, पन पानी निघून जाईल. अजून येळ हाय."

चर काढायचा म्हणजे साहेबांची हिरवळ कापावी लागणार होती. ती हिरवळही कुठूनशी खास आणलेली. मी आजूबाजूला बघितलं. बघायला कुणी नव्हतं, तरी बघितलं.

"खण," मी म्हणालो.

दोन दिवस ती पहार मारत होती. मी एकदाही पहार हातात घेतली नाही. मी सुपरवायझर होतो. तीन झाडांचे चर झाले. त्यांतून काळं पाणी झुळुझुळु उताराला लागलं तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून ते बघत उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर एखाद्या आजाऱ्याचा ताप उतरल्यावर दिसतं तसं समाधान दिसलं. तिला ते झाड आवडत नव्हतंच. पण लावलंय म्हटल्यावर ते जगवायचं, एवढंच तिला कळत होतं.

शनिवारी साहेब आले. फाटकातच थांबले.

"हे कुणी केलं?"

"म्या," हौसाबाई म्हणाली. आणि माझ्याकडे बघितलं. घाईने नाही, आरोपाने नाही. पुढचं वाक्य माझं आहे, एवढंच त्या बघण्यात होतं.

मी वहीत काहीतरी शोधत होतो.

"अक्कल आहे का?" साहेब म्हणाले. "मुळं उघडी पडली असती म्हणजे? संध्याकाळच्या आत सगळं बुजवून टाक."

तिने बुजवलं. जाताना इरलं डोक्यावर घेत मला म्हणाली, "तू बोलला न्हाईस."

"पुढच्या शनिवारी नीट समजावून सांगतो, मावशी. आत्ता ते चिडले होते."

पुढच्या शनिवारी ते चिडलेले नव्हते. तरी मी सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी पाहुणे होते.

ज्युनिपरचं एक आहे, ते मेलेलं लवकर कळत नाही. आंबा वठायला लागला की चार महिने आधी सांगतो, तगर एका दिवसात माना टाकते. हे वरून हिरवं, ताठ, आणि आतून संपलेलं असतं. मला वाटतं, साहेबांना ते इतकं आवडायचं ते उगाच नाही.

गणपती झाले आणि आतला तांबडेपणा बाहेर दिसायला लागला. आधी खालच्या फांद्या, मग मधल्या. साहेबांनी मोठी कात्री मागवली आणि तांबडं दिसेल तिथे कापत सुटले. या झाडाला जून लाकडावर पुन्हा पालवी येत नाही. एकदा आत भोक पडलं की ते भोकच. पंधरा दिवसांत पलटण कसर लागलेल्या लोकरीच्या कोटांसारखी दिसायला लागली. मला हे पुस्तकातून माहीत होतं. मी कात्रीला धार करून देत होतो.

आणि त्यातच साहेबांनी कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सहकुटुंब बोलावलं होतं. पलटण दाखवायला.

शुक्रवारी त्यांनी मला बाजूला घेतलं. "भिंतीला लावतात ती रंगाची पावडर असते ना? हिरवी. पाण्यात कालव. पंपाने मार. लांबून काही कळत नाही."

मी हौसाबाईला रंग कालवायला सांगितला. तिने बादलीकडे बघितलं, झाडांकडे बघितलं. "म्या न्हाई करनार," ती म्हणाली. "मेलेल्या म्हाताऱ्याच्या केसाला कलप लावतंय का कुनी?"

म्हणून मी कालवला. मी गाळून घेतला, पंपात भरला, पाठीवर घेतला, आणि बारा मेलेल्या झाडांना शेंड्यापासून पायापर्यंत हिरवं केलं. शेतकीची पदविका घेतलेल्या माणसाने. दोनदा, कारण पहिला हात पातळ झाला होता.

रविवारी सकाळपासून ऊन होतं. दहा-बारा पाहुणे, पांढऱ्या पँटी, रेशमी साड्या. वाटेवर पांढरे गोटे अंथरलेले. साहेब एकेका झाडापाशी थांबून युरोपातल्या हवेबद्दल बोलत होते. तीनच्या सुमारास पाण्यापलीकडच्या डोंगरामागे काळं झालं. परतीचा पाऊस विचारून येत नाही. साहेबांनी वर बघितलं, मी वर बघितलं. एक गडगडाट झाला आणि सर कोसळली.

पाहुणे व्हरांड्यात पळाले आणि तिथून त्यांनी बघितलं. आधी शेंडे तांबडे झाले. मग खांदे. हिरवं पाणी बुंध्यावरून उतरून पांढऱ्या गोट्यांवर पसरलं, तिथून पायऱ्यांपर्यंत आलं. मागे राहून धावत आलेल्या एका बाईंच्या साडीचा काठ हिरवा झाला, त्यांच्यामागून आलेल्या एका गृहस्थांच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत. मग त्या गृहस्थांनीच म्हटलं, "अहो, तुमच्या पलटणीचा गणवेश उतरला की!"

सगळे हसले. खूप हसले. साहेबही हसायचा प्रयत्न करत होते.

ही गोष्ट मी नंतर पुष्कळदा सांगितली आहे. रोपवाटिकेत, लग्नाच्या पंगतीत, आता सोसायटीच्या बाकावर. माणसं पोट धरून हसतात. साहेबांची नक्कल मला चांगली जमते. पण मी ती इथपर्यंतच सांगतो, हिरव्या पाण्यापर्यंत. त्यानंतर कुणीतरी दुसरा विषय काढेल याची काळजी मी घेतो. आज तसं करायचं नाही, असं ठरवून बसलो आहे.

हौसाबाई तेव्हा बाहेर होती. पावसात भिजणाऱ्या वेताच्या खुर्च्या एकेक करून आत आणत होती. हसणं थांबत नव्हतं आणि साहेबांना कुणीतरी हवं होतं. त्यांनी तिच्याकडे बोट केलं.

"या बाईनं मारली झाडं. श्रावणात हिनं मुळं खणली, मी स्वतः पकडलं हिला. मुद्दाम खणली. ज्यांना कधी चांगलं काही बघायला मिळालं नाही ना, त्यांना दुसऱ्याचं बघवत नाही."

हसणं थांबलं. पाहुणे हौसाबाईकडे बघायला लागले. तिच्या हातात खुर्ची होती, कपाळावरून पाणी ओघळत होतं.

"म्या मुळं न्हाई खनली," ती म्हणाली. "पानी काढून दिलं. खड्ड्यात पानी साचलं हुतं."

"खोटं! तुला कुणी सांगितलं होतं खणायला?"

"इचारा की," ती म्हणाली, "त्याला इचारा. तो हुता तितं."

साहेब माझ्याकडे वळले. सगळा व्हरांडा माझ्याकडे वळला. माझ्या नखांत अजून हिरवा रंग होता.

मला दोनच शब्द बोलायचे होते. मीच सांगितलं. एवढंच. तिसरा शब्दही लागला नसता.

"मला कल्पना नाही, साहेब," मी म्हणालो. "मी त्या दिवशी पलीकडच्या बाजूला होतो."

हौसाबाईने खुर्ची खाली ठेवली. आपटली नाही, चारही पाय टेकतील अशी नीट ठेवली. पदराने तोंड पुसलं आणि पावसातून फाटकाकडे चालायला लागली. इरलं नळापाशीच राहिलं.

मला आतून चहा आला. कपबशीत. मी प्यायलो.

पुढच्या आठवड्यात मी दोन गडी घेऊन झाडं उपटली. ओढलं की ती हलत्या दातासारखी सहज निघत होती. मुळांच्या जागी काळा चोथा होता. साहेब बघायला आले नाहीत. त्यांनी त्या खड्ड्यांवर सिमेंट ओतून घेतलं आणि वर सिमेंटचीच बारा लाल छत्र्या बसवल्या, भुईछत्र्यांच्या आकाराच्या. त्या मरायचा प्रश्नच नव्हता. आसपासच्या आणखी दोन बंगल्यांत हौसाबाईचं काम होतं, तेही सुटलं. साहेबांनी त्यांच्या मालकांना सांगितलं होतं, की ही बाई झाडं मारते. जिच्या हाताला कोरड्या दगडावरही घेवडा यायचा, तिच्याबद्दल हे बोललं गेलं, आणि ते खोटं आहे हे ठामपणे माहीत असलेला माणूस त्याच बंगल्यात वही घेऊन फिरत होता. मी उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहिलो, हेही लिहून ठेवतो.

मार्गशीर्षात भाताची झोडणी सुरू झाली तेव्हा एका दुपारी मी माल्याला तिच्या वस्तीत गेलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवत गेलो होतो. घरापुढच्या सारवलेल्या खळ्यात ती भाताच्या पेंढ्या लाकडी फळीवर झोडत होती. दारात बुद्धाची तसबीर दिसत होती आणि तिच्याखाली एक मुलगी अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसली होती. सुट्टीला आलेली तिची लेक. तिने मला पाणी आणून दिलं, मग माझ्या पँटकडे, खिशातल्या पेनाकडे बघितलं आणि आईला विचारलं, "हेच का ते?"

"हेच," हौसाबाई म्हणाली. झोडणं थांबवलं नाही.

मी उभ्या उभ्या सगळं बोललो. खड्डे माझे होते म्हणालो. चूक पुस्तकाची नव्हती, माझी होती. खण म्हणून मी सांगितलं होतं. दोनदा बोलायची वेळ आली आणि दोन्हीदा मी बोललो नाही. पेंढी फळीवर पडत होती, दाणे उडत होते, आणि मी त्या आवाजावर आवाज चढवून बोलत होतो. शेवटी मला जे खरं म्हणजे बोलायचं होतं ते मी बोललो.

"पण मावशी, मी सांगितलं असतं तरी साहेबांनी ऐकलं नसतं. तो माणूसच तसा आहे. तुम्हाला माहीतच आहे."

तिने हातातली पेंढी उलटीपालटी करून बघितली. एकही दाणा राहिला नव्हता. ती पेंढा बाजूला टाकत म्हणाली, "व्हय. त्यानं न्हाईच ऐकलं असतं."

मला एकदम हलकं वाटलं.

"पर म्या ऐकलं असतं की," ती म्हणाली, आणि दुसरी पेंढी घ्यायला वळली.